तात्या, सून आणि मधला फ्रिज

परवा आमच्या लातूरच्या घरी फ्रिजचा मेकॅनिक आला होता. गॅस भरून झाला, हात पुसले, चहा घेतला आणि जाता जाता म्हणाला, "मॅडम, फ्रिज असा दारात कोण ठेवतं? येता-जाता अंगाला लागतो. तिकडं कोपऱ्यात सरकवून देऊ का?" आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "हं." मी म्हटलं, "काही सरकवायचा नाही. तिथंच बरा आहे." त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की बाई शिकलेली दिसते पण फ्रिज कुठं ठेवायचा एवढं कळेना. आता त्याला काय सांगणार? तात्यांची गोष्ट सांगायची तर चहा पुन्हा टाकावा लागला असता, आणि त्याला अजून दुसरी घरं करायची होती. म्हणून तुम्हाला सांगते.

नांदेडला आम्ही विष्णुपुरीच्या रस्त्यावर एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. मी शाळेत शिकवायचे. समोरचं दार तात्यांचं. म्हणजे घर त्यांच्या मुलाचं, सुधाकरचं. सुधाकर धर्माबादला मिरचीच्या कारखान्यात सुपरवायझर. शनिवारी संध्याकाळी तो जिना चढायला लागला की आख्खा मजला शिंकायचा. सोमवारी पहाटे गडी परत. आठवडाभर घरात तिघंच, तात्या, त्यांची बायको अक्का, आणि सून वैशाली. वैशाली लातूरची, कचेरीत नोकरीला.

तात्या नायगावकडच्या एका खेड्यातले. उभ्या अंगाचे, धोतर, पांढरा सदरा, टोपी. टोपी घरातसुद्धा. शेत बटईनं, म्हणजे वाट्यानं कसायला दिलेलं, गावचं घर कुलूपबंद. गुडघे दुखायला लागले म्हणून मुलानं नांदेडला आणलेलं. माणूस बोलका हो! जिन्यात भेटले की पाऊस, कापूस, कांदा, माझ्या शाळेतली पोरं, सगळ्यांची चौकशी. माझ्या हातातल्या पिशव्यांनी बोटं तुटायला आली तरी यांचं "बरं मॅडम, आन ते तुमचं इन्स्पेक्शन झालं का?" सुरूच. पण घराचा उंबरा ओलांडून आत गेले, की तोंडाला कुलूप.

कारण घरात सून होती.

ही रीत ज्यांना माहीत नाही त्यांना वाटेल भांडण असेल. भांडण कसलं! तात्यांच्या गावाकडं, त्यांच्या पिढीत, सासरा सुनेशी तोंडासमोर बोलत नाही. घरात शिरायच्या आधी खाकरायचं, म्हणजे सुनेनं पदर सावरावा. चूल असेल तिकडं पाऊल टाकायचं नाही. काही सांगायचं तर बायकोला सांगायचं, बायको सुनेला सांगणार. वैशाली पंजाबी ड्रेस घालून स्कूटीवर कचेरीत जायची, तिला पदरच नव्हता. तरी तात्या खाकरायचे, आणि ती बिचारी ओढणी सारखी करायची.

अक्का होत्या तोवर हे सगळं सुरळीत चाललं होतं. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या दारात अक्का तांदूळ निवडत बसायच्या. तात्या खुर्चीतून म्हणायचे, "च्यात साखर न्हाई म्हणावं." अक्का मान वळवून, "साखर न्हाई म्हणतेत." आतून वैशाली, "डॉक्टरांनी बंद केलीय म्हणावं." अक्का, "डाक्टर नगं म्हणला." तिघांना एकमेकांचं सगळं ऐकू येत असायचं. पण अक्कांच्या तोंडून आल्याशिवाय निरोप पोचला असं धरायचंच नाही. आणि अक्का हुशार. तांदळासारखाच निरोपही निवडून पुढं द्यायच्या, खडा आला की बाजूला काढायच्या.

मग अक्का आजारी पडल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या. जाताना वैशालीचा हात धरून म्हणाल्या, "यांना भाकरीबिगर चालत न्हाई. आन यांना गावाकडं एकटं जाऊ दिऊ नको." वैशालीनं रडत रडत हो म्हटलं. हे तिनंच मला नंतर सांगितलं.

पाहुणे पांगले, आणि त्या घरात एकमेकांशी बोलायचं बंद असलेली दोन माणसं उरली. मला वाटलं, आता तरी बोलतील. झक मारत बोलतील! कोण बोलतंय?

एका सकाळी मी विरजण मागायला गेले. दार उघडंच होतं. मधल्या दारात, अक्का बसायच्या तिथंच भिंतीला लागून, त्यांचा जुना लाल फ्रिज होता. तात्या त्याच्यासमोर उभे. टोपी नीट केली, खाकरले, आणि फ्रिजला म्हणाले, "दूध आलंय म्हणावं. पिशवी गळून राहिली."

आतून वैशालीचा आवाज, "पातेल्यात ठेवा म्हणावं. आलेच."

तात्यांनी फ्रिजला मान हलवली आणि पातेलं शोधायला लागले. म्हटलं गेले, अक्कांच्या मागं म्हातारा कामातून गेला. विरजण तिथंच राहिलं, मी घरी.

संध्याकाळी जिन्यात गाठलं. म्हटलं, "तात्या, तुम्ही फ्रिजशी बोलता?"

"मंग काय भितीशी बोलू?" तात्या म्हणाले. "लोक येडा म्हणतील."

"अहो पण फ्रिजशी?"

"गावाकडं घरात मधी खांब हाय, मॅडम. माझा बाप त्या खांबाला सांगायचा, आन आमची अक्का ऐकायची. इथं बिल्डरनं समदे खांब भितीत घातलेत. मंग फ्रिज काय वाईट? अंगानं खांबावानी. वरून दिमाग थंड."

"सरळ वैशालीला सांगायला काय होतं?"

त्यांनी कानाला हात लावला. "न्हाई, न्हाई. ज्याचा लई मान ठिवायचा, त्याच्या तोंडावर बोलायचं न्हाई."

"म्हणजे माझा मान नाही होय? माझ्याशी तर तासतासभर बोलता!"

"तुमचं येगळं. तुमी मास्तरीण. मास्तरणीला उत्तरं तोंडावरच द्यावी लागतेत."



हळूहळू मला त्या फ्रिजची सवय झाली. खरं सांगू, कधीकधी हेवा वाटायचा. आमच्या घरात बोलायला कुणाची बंदी नव्हती. पण मी यांना म्हणावं, "अहो, नळाचं वायसर गेलंय," तर हे म्हणणार "हं." मी म्हणावं, "तुमच्या बहिणीचा फोन आला होता," तर "हं." एकदा चिडून म्हटलं, "मी आज गोदावरीत उडी मारतेय." म्हणाले, "हं, येताना कोथिंबीर आण." समोर बसून ही गत! आणि तिकडं तात्यांनी फ्रिजला "आज जरा गार हाय" एवढं म्हटलं, की आतून आल्याच्या चहाचा वास सुटायचा.

अडचण यायची ती वैशाली कचेरीत असली की. एकदा सकाळी मी पोह्यांना फोडणी दिलेली, शाळेची वेळ झालेली, आणि तात्या दारात. मोबाइल असा हाताच्या अंतरावर धरलेला, जसा काही विंचू आहे. "मॅडम, ह्यो बोलून राहिला."

मी घेतला. पलीकडं वैशाली, कचेरीतून. "काकू, तुम्ही आहात होय! बरं झालं. त्यांना विचारा ना, सिलिंडर आलं का?"

स्पीकर चालू होता. तात्यांनी ऐकलं होतं. तरी ते माझ्या तोंडाकडं बघत उभे. मी म्हटलं, "सिलिंडर आलं का विचारतेय."

"आलं म्हणावं. पण गडी रिकामी टाकी मागून राहिला. ती आत हाय. आत म्या जात न्हाई."

"आलंय. रिकामी टाकी आत आहे."

"मग त्यांना म्हणावं आत जा! ओट्याखालीच आहे."

"आत जा म्हणतेय."

"आत कसा जाऊ? चूल हाय तिथं."

"अगं, तिथं चूल आहे म्हणे."

"काकू, चूल कुठली, शेगडी आहे! आणि मी इथं कचेरीत आहे, घरात कोणीसुद्धा नाही!"

"घरात कोणी नाही म्हणतेय."

तात्यांनी गंभीरपणे विचार केला. "घरातलं माणूस न्हाई म्हणून घरात घुसायचं, हे बरं दिसतं का? इचारा त्यांना."

खालून सिलिंडरवाला ओरडत होता, वरून माझे पोहे जळत होते. शेवटी मीच जाऊन टाकी ओढत बाहेर आणली. त्या दिवशी शाळेत हजेरी घेताना पोरं म्हणाली, "मॅडम, तुमच्या साडीला काळं लागलंय." म्हटलं, गप बसा, हजर म्हणा.

हे हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण आत एक गोष्ट मुरत चाललेली, ती हसण्यासारखी नव्हती. तात्यांना वाटायचं आपण सुनेला जड झालोय. आणि वैशालीला वाटायचं, आपलं काही तरी चुकतंय, तात्या आता गावाकडं निघून जातील. तिकडं त्यांना कोण होतं? बंद घर, दुखरे गुडघे, आणि चूल पेटवायची कशी हे ज्यांनी जन्मात बघितलं नाही असे तात्या. फ्रिजला दूध सांगता येतं, सिलिंडर सांगता येतं. "मी तुम्हाला नकोसा झालोय का" हे फ्रिजला कसं विचारणार?

येळवशीचं बघा. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्याकडं त्या दिवशी शहरं ओस पडतात, सगळी माणसं कुणाच्या ना कुणाच्या शेतात भज्जी आणि आंबील खायला. आदल्या आठवड्यात तात्या फ्रिजला म्हणाले, "येळवस आली म्हणावं." त्यांच्या मनात होतं, की सुनेनं शेतावर चलावं, अक्कांच्या माघारी पूजा तिच्या हातची व्हावी. वैशालीनं अर्थ काढला, यांना भज्जी खायचीय. तिनं कचेरीतून रजा टाकली, पहाटे उठून सगळ्या डाळी-भाज्यांची भज्जी रांधली, आंबील केली, बाजरीचे उंडे केले, डबे भरून फ्रिजजवळ ठेवले. तात्यांना वाटलं, डबे भरून दिले म्हणजे ही येत नाही. ते डबे उचलून एकटे बसने गेले. वैशाली नवी साडी नेसून घरात बसून राहिली. तिला वाटलं, मला न्यायचंच नव्हतं त्यांना.

दुपारी तिनं माझ्यासमोर डोळे पुसले. संध्याकाळी तात्या माझ्या दारात, "एवढं रांधलं लेकरानं, पर आली न्हाई. शेरातल्या पोरीला रान कामून आवडंल?"

मी म्हटलं, "तात्या, तिनं रजा टाकली होती. तुमच्यासोबत यायची होती ती."

"तुमी चांगल्या हायत म्हणून तसं म्हणता, मॅडम."

"अहो, देवाशपथ!"

"घरातून तसा शब्द आला न्हाई." झालं. शेजारणीच्या तोंडून आलेला खुलासा त्यांच्या हिशेबी खुलासाच नव्हता. वैशालीचीही तीच तऱ्हा. तिला सांगावं तर म्हणायची, "काकू, तुम्ही माझी समजूत घालता." सुधाकरला सांगून पाहिलं. तो शिंकला आणि म्हणाला, "काकू, मी एक दिवसाचा पाहुणा, मला कशाला पाडता त्यात?"

आणि भाकरी! भाकरीनं तर मला वेड लावायचं बाकी ठेवलं होतं. अक्कांचा शब्द पाळायचा म्हणून वैशाली रोज पहाटे ज्वारीच्या भाकरी थापायची. लातूर शहरात वाढलेली पोर, माहेरी सगळी पोळी खाणारी. तिची भाकरी कधी फाटायची, कधी तव्यावरच चिकटायची, आणि नीट झाली तर अशी व्हायची की दरवाजाला अडसर म्हणून लावावी. हाताला चटके, कचेरीला उशीर. पण एक दिवस चुकली नाही.

आणि तात्यांना दात नव्हते. कवळी होती, ती फक्त लग्नाकार्यात फोटोपुरती घालायचे. ते भाकरी धोतराच्या सोग्यात गुंडाळून खाली न्यायचे, कोपऱ्यावरच्या गाईला घालायचे, आणि वर येऊन माझ्याकडं दुधात कुस्करलेली पोळी खायचे. "घरी सांगाल तर माझी आण हाय," असं पहिल्याच दिवशी म्हणून ठेवलेलं. "त्या लेकराचे हात पोळतेत माझ्यासाठी. तिला चावत न्हाई म्हणू? काय वाटंल तिला?" गाय मात्र त्यांना लांबून ओळखायला लागली होती. तिच्याच अंगाला काय ती भाकरी लागत होती.

असं चाललं असतं अजून वर्षानुवर्षं. पण दसऱ्याच्या सुमाराला तो लाल फ्रिज बिघडला. आधी खालून पाणी, मग घरघर, मग एकदम गप. वैशालीनं आणि सुधाकरनं मोठा दोन दारांचा नवा फ्रिज घेतला, जुना दुकानदारानं बदल्यात नेला. तात्या गॅलरीतून टेम्पोवाल्यांना ओरडत होते, "नीट न्या रे! आडवा करू नगा, उभा न्या त्याला!" मला हसू आलं. त्यांना अजिबात येत नव्हतं.

नवा फ्रिज मधल्या दारात मावेना. म्हणून तो गेला स्वयंपाकघरात, पार आतल्या भिंतीला. जिथं तात्या जन्मात पाऊल टाकणार नव्हते तिथं. आणि मधल्या दारात, जुन्या फ्रिजच्या जागी, वैशालीनं चपलांचा रॅक आणून ठेवला.

दुसऱ्या दिवशी तात्या माझ्याकडं आले ते पोळी खायला बसलेच नाहीत. टोपी काढून हातात घेतली. मी त्यांना टोपीशिवाय पहिल्यांदाच बघत होते.

"निघतो मॅडम उद्या गावाकडं."

"का? काय झालं?"

"कळलं आमाला. लेकरानं रीतीनं सांगितलं. तोंडानं वाईट बोलली न्हाई, चांगल्या घरची हाय. पर जागाच ठिवली न्हाई बोलायला. चपला ठिवल्या." त्यांचा आवाज बारीक झाला. "आता चपलांशी बोलू का म्या?"

मी डोक्याला हात लावला. "तात्या, अहो, फ्रिज मोठा आहे! मावला नाही!"

"तुमी चांगल्या हायत, मॅडम," तात्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन जिना चढून आले तर दोन्ही दारांच्या मधल्या जागेत तात्या उभे. हातात पिशवी आणि काठी, काखेत अक्कांचा फोटो. परत यायचं असेल तर माणूस फोटो नेत नाही. त्यांच्या दारात वैशाली, कोपरापर्यंत पीठ, डोळे लाल. मी दोघांच्या बरोब्बर मधे.

"मॅडम, सांगा घरात," तात्या जिन्याकडं बघत म्हणाले, "नायगावची गाडी धरून राहिलो. परकृतीला जपा म्हणावं."

"काकू, त्यांना विचारा," वैशाली दाराच्या कडीकडं बघत म्हणाली, "माझं काय चुकलं ते तरी सांगून जा म्हणावं."

"काई चुकलं न्हाई म्हणावं."

"मग का जाता म्हणावं?"

"जड होऊ ने म्हणावं माणसानं."

"कोण जड झालंय म्हणावं!"

यांच्या दोघांच्या मधे माझी मान टेबलफॅनसारखी इकडून तिकडं. दूध हातात. शाळेला उशीर. आणि इतक्या दिवसांचं सिलिंडर, येळवस, भाकरी सगळं माझ्या डोक्यात गेलं.

"मी काय फ्रिज आहे का?" मी ओरडले.

दोघंही दचकले. वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

"एक शब्द पोचवणार नाही मी! तुमच्यात मधे आता खांब नाही, अक्का नाहीत, फ्रिज नाही, आणि मी पण नाही! बोला नाही तर जा!" आणि मी घरात गेले आणि दार धाडकन लावलं.

आणि लगेच दाराच्या भिंगाला डोळा लावला. मास्तरीण झाले तरी बाईमाणूस आहे मी. आमचे हे आतून म्हणाले, "कोण आहे?" म्हटलं, "हं म्हणा आणि गप बसा."

बाहेर दोघं उभे. मधे काही नाही. तात्या खाकरले. पुन्हा खाकरले. अक्कांचा फोटो या काखेतून त्या काखेत घेतला. मला वाटलं, जाणार आता. त्यांनी खरंच पहिल्या पायरीवर काठी टेकली.

"तात्या," वैशाली म्हणाली.

"म्हणावं" नाही, काही नाही. नुसतं तात्या. म्हातारा जागच्या जागी थांबला. पाठ तिच्याकडं, पण थांबला.

"भाकरी वाईट होती का? वाईट होत असेल तर सांगा, मी शिकते. पण जाऊ नका. मला हे घर एकटीला नको."

तात्यांची पाठ हलत होती. ते त्या पायरीला म्हणाले, "भाकर ग्वाड होती." मग हळूच वळले. सुनेच्या तोंडाकडं बघितलं, बहुधा पहिल्यांदाच नीट. "दात न्हाईत गं माय."

"म्हणजे?"

"चावत न्हाई. मॅडमकडं पोळी खातो रोज. भाकर गाईला घालतो."

वैशालीचं तोंड उघडं ते उघडंच. "आणि मी पहाटे उठून थापते ती?"

"हाव. आवाज येतो थापायचा. लई वाईट वाटतं."

"अहो, पण अक्कांनी सांगितलं, यांना भाकरीबिगर चालत नाही!"

"तिचं काय घिऊन बसलीस! तिला भाकर लागायची. मला पयल्यापसून पोळीच आवडते."

"मग अक्कांना कधी सांगितलं नाही?"

तात्यांनी काखेतल्या फोटोकडं ओशाळून बघितलं. "तिनं इचारलंच न्हाई," ते म्हणाले. "मंग र्‍हायलं."

वैशाली हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, पिठाच्या हातानं डोळे पुसले तर तोंड सगळं पांढरं. तात्या बघत राहिले आणि मग तेही बिनदातांचं हसले. मी भिंगाच्या अलीकडं पदर तोंडात कोंबून उभी.

मग तात्यांचा चेहरा पुन्हा पडला. "आन मंग फ्रिज कामून हलीवला?"

"मावत नव्हता, तात्या."

"एवढंच?"

"एवढंच."

"मला वाटलं..." म्हणाले, आणि काठी भिंतीला टेकवली. वैशालीनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली. फोटो त्यांनी स्वतःच आत नेला. दार लागलं. माझं दूध तापवायचं राहिलं आणि दुपारी नासलं, पण त्या दिवशी मी कुणावर चिडले नाही.

त्यानंतर तात्या सुटले! साठवून ठेवलेलं सगळं बाहेर. भाजीत मीठ कमी इथपासून ते स्कूटी सावकाश चालव इथपर्यंत. पुढच्या येळवशीला वैशाली शेतावर गेली, येताना उन्हानं काळी आणि हसरी. पण महिन्याभरातच ती माझ्याकडं येऊन धपकन बसली. "काकू, कान किटले हो! मी कुकर लावतेय आणि हे स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसलेत, कापसाचा भाव सांगतायत. फ्रिजशी बोलायचे तेच बरं होतं." म्हटलं, मला नको सांगू बाई, मी मधे पडणार नाही. पोळ्या आता तिकडंच होत होत्या. सकाळी माझ्याकडं दुधाची वाटी उगीच जास्तीची निघायची.

मग मी निवृत्त झाले आणि आमच्या मुलानं आम्हाला लातूरला बोलावलं. निघायच्या दिवशी सकाळपासून तात्या आमच्याकडं फिरकलेच नाहीत. माझं सामान जिन्यातून चाललेलं, वैशाली रजा टाकून मदतीला, आणि हा माणूस दार लावून आत. मला राग आला. एवढे दिवस माझ्या घरच्या पोळ्या खाल्ल्या, एक शब्द नाही? तोंडावर उत्तरं देणारे ना हे?

हमालांनी आमचा फ्रिज बाहेर काढला. दोन दारांच्या मधे आणला आणि समोरचं दार उघडलं. तात्या. टोपी नीट केलेली, आणि कवळी घातलेली. लग्नातली.

"थांबा रे जरा. उभा ठिवा."

हमालांनी फ्रिज टेकवला. तात्या त्याच्या त्या बाजूला, मी या बाजूला. त्यांना मी दिसत होते, मला ते दिसत होते. ते माझ्याकडं बघेनात. खाकरले.

"मॅडमला सांगा," तात्या माझ्या फ्रिजला म्हणाले, "लातूरला पाणी जपून वापरा म्हणावं. आन साहेब हं म्हणले तर मनावर घिऊ नगा म्हणावं." थांबले. कवळी जरा सरकली, ती बोटानं सारखी केली. "आन सांगा, अक्का गेल्यावर आमाला जेवायला कोण हाय का, हे त्यांनीच बगितलं म्हणावं."

मी पदर सारखा केला. मग फ्रिजलाच म्हटलं, "तात्यांना सांगा, लातूरच्या घरी कणीक मळलेलीच असते म्हणावं."

तात्यांनी मान हलवली, फ्रिजला.

"काका," खाली वाकलेला हमाल म्हणाला, "आजून कोणाला काय सांगायचं आसंल तर लवकर सांगा, पाय चेंगरून राहिला माझा."

फ्रिज खाली गेला. टेम्पो निघाला तेव्हा मी वर बघितलं. तात्या गॅलरीत वाकून टेम्पोवाल्याला ओरडत होते, "आडवा करू नगा रे! उभा न्या त्याला!"